सफरचंदातील अळीचे नाव

सफरचंद चिरताना गाभ्याजवळ गुलाबी अळी दिसली, तर गृहिणी तेवढा भाग काढून टाकते आणि उरलेल्या फोडी मुलांच्या पुढे ठेवते. तिच्या दृष्टीने प्रश्न तेथे संपतो. परदेशातून आलेली फळांची पेटी बंदरावर उघडणाऱ्या तपासनिसाचा प्रश्न मात्र तेथून सुरू होतो. ही अळी कोणाची? तिचे नाव काय? ह्या एका उत्तरावर ती पेटी पुढे जाणार, की साऱ्या मालालाच परतीची वाट धरावी लागणार, हे अवलंबून असते. २००२ साली अमेरिकेहून आलेल्या सफरचंदांत अशीच एक अळी आढळली आणि तैवानने त्या देशातील सफरचंदांची आयात काही काळ थांबवली. हजारो बागाईतदारांच्या वर्षभराच्या कष्टांचे मोल बोटाच्या पेराहून लहान अशा एका जिवाच्या नावावर येऊन टेकले. त्या जिवाचे नाव कॉडलिंग पतंग, आणि शास्त्रीय नाव सायडिया पोमोनेला.

हे नाव ठरवावयाचे कसे, हा वरवर पाहता पंडितांच्या खोलीतला प्रश्न वाटतो. वस्तुतः तो शेतकरी, व्यापारी आणि शासन ह्या तिघांचाही प्रश्न आहे.

पतंगांच्या ज्या कुलात सायडिया ही प्रजाती मोडते, त्याला टॉर्ट्रिसिडी असे म्हणतात. पिळणे, मुरडणे ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून हे नाव आले. ह्या कुलातील पुष्कळ अळ्या पानाच्या कडा रेशमी धाग्यांनी ओढून घेतात, त्याची सुरळी करतात आणि त्या घरात बसून तेच घर खातात. चहाच्या मळ्यांत, मोसंबीच्या झाडांवर किंवा परसातल्या गुलाबावर अशी गुंडाळलेली पाने कोणाच्याही पाहण्यात आली असतील. जगात ह्या कुलाच्या दहा हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत. त्यांपैकी बहुतेकांचे पंख पसरले तरी त्यांची रुंदी एक ते अडीच सेंटिमीटरांच्या पुढे जात नाही. दिव्यावर आलेल्या किड्यांच्या गर्दीत त्या कोणाच्या लक्षातही येत नाहीत.

सायडिया प्रजातीने मात्र पाने गुंडाळण्याचा कुलाचार सोडून दिलेला आहे. तिच्या दोनशेंहून अधिक जाती आहेत आणि त्यांतील बहुतेकांनी वनस्पतीच्या आत राहण्याचा मार्ग पत्करला आहे. कोणी फळात, कोणी बीत, कोणी शेंगेत, कोणी सूचिपर्णी वृक्षाच्या शंकूत, तर कोणी सालीखाली. वाटाण्याच्या शेंगेत एक जाती राहते. युरोपातील चेस्टनटच्या आणि ओकच्या फळांत दुसरी राहते. केरळ व कर्नाटकातील मिरीच्या वेलीचा कोवळा शेंडा पोखरणारी सायडिया हेमिडॉक्सा ही आपल्याकडील जाती. तिच्या पंखाचा बुडाकडील भाग काळा आणि टोकाकडील भाग नारिंगी तांबडा असतो. मेक्सिकोत ह्याच प्रजातीची एक अळी एका झुडपाच्या बीत शिरते आणि ऊब लागली की आतून धडका देऊन त्या बीला उड्या मारावयास लावते. ‘उड्या मारणारे दाणे’ म्हणून तेथे ते मुलांना विकले जातात. खेळणे विकत घेणाऱ्या मुलाला आपण सफरचंदाच्या वैऱ्याचा सख्खा भाऊबंद खिशात घालून नेत आहोत, ह्याची कल्पनाही नसते.

परंतु ह्या सर्व भावंडांत दरारा आहे तो कॉडलिंग पतंगाचा. मध्य आशियात, जेथे सफरचंदाची रानटी झाडे आजही आहेत, तेथून तो माणसाच्या हातून फळांबरोबर निघाला आणि सफरचंद जेथे जेथे गेले तेथे तेथे बहुतेक सर्वत्र पोहोचला. मादी पानांवर आणि फळांवर टाचणीच्या डोक्याएवढी चपटी, जवळजवळ पारदर्शक अंडी एकेकटी घालते. अंड्यातून निघालेली अळी थोड्याच वेळात फळात शिरते, गर पोखरीत गाभ्याकडे जाते आणि आतल्या बिया खाते. तीनचार आठवड्यांनी पूर्ण वाढून ती बाहेर पडते आणि खोडाच्या सालीच्या फटीत रेशमी कोश विणते. शेवटच्या पिढीची अळी त्या कोशात अळीच्याच रूपाने हिवाळा काढते आणि वसंतात तिचा पतंग होतो. काळजी न घेतलेल्या बागेत निम्म्याहून अधिक फळे ह्या एका किडीने निकामी होऊ शकतात.

आता हा पतंग ओळखावयाचा कसा? अनुभवी कीटकशास्त्रज्ञ एकदम जातीच्या नावावर उडी घेत नाही. तो आधी कूळ विचारतो, मग प्रजाती आणि शेवटी जाती. खेड्यात आलेल्या पाहुण्याला गाव, घराणे आणि मग नाव विचारावे, तसाच हा क्रम आहे.

कूळ ओळखण्याच्या खुणा बसलेल्या पतंगातही दिसतात. टॉर्ट्रिसिडी कुलातील पतंगाचे पुढचे पंख रुंद असतात आणि त्यांचे टोक निमुळते नसून सरळ कापल्यासारखे दिसते. बसताना तो पंख अंगावर कौलारू छपरासारखे उतरते ठेवतो. काही जातींत वरून पाहिले असता घंटेचा आकार स्पष्ट दिसतो. डोक्यावरचे खवले विसकटलेले असतात. तोंडाच्या पुढे दोन स्पर्शक चोचीसारखे सरळ आलेले असतात आणि त्यांचे अखेरचे पेर आखूड व बोथट असते. धान्यात व बटाट्यात पडणारे जे दुसरे लहान पतंग आहेत, त्यांचे स्पर्शक कोयत्यासारखे वर वळलेले आणि टोकदार असतात. शंका उरलीच, तर भिंगाखाली सोंड पाहावी. त्या दुसऱ्या पतंगांच्या सोंडेच्या बुडाशी खवले असतात. टॉर्ट्रिसिडी कुलात ती उघडी असते.

प्रजातीकडे वळताना दृष्टी पुढच्या पंखावर आणावी लागते. सायडिया आणि तिच्या निकटच्या प्रजाती ह्यांच्या पंखाच्या पुढील कडेवर फिकट, रुपेरी अशा आखूड तिरप्या रेघांच्या जोड्या ओळीने असतात. पंखाच्या बाहेरच्या खालच्या कोपऱ्यापाशी एक वेगळा डाग असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना धातूसारख्या चमकणाऱ्या रेषा आणि पुष्कळदा मध्ये काळे तुटक ठिपके असतात. शास्त्रज्ञ त्याला नेत्रचिन्ह म्हणतात. मागचा पंख वरून पाहिला, तर त्याच्या बुडाजवळील शिरेवर केसांची एक झालर दिसते. ह्या तीन खुणा एकत्र जुळल्या, की पाहुणा ह्याच घराण्यातला, असे मानावयास हरकत नाही.

कॉडलिंग पतंगाचा पंख राखी असून त्यावर बारीक लाटांसारख्या गडद व फिक्या रेघा आडव्या गेलेल्या असतात. झाडाच्या सालीवर तो बसला, तर साल कोठे संपली आणि पतंग कोठे सुरू झाला हे कळत नाही. पंखाच्या टोकाकडील त्याचे नेत्रचिन्ह मात्र मोठे आणि तपकिरी असते. त्याच्या कडेच्या रेषा तांब्यासारख्या, सोन्यासारख्या चमकतात. वाटाण्याच्या पतंगात एवढे मोठे तांबूस चिन्ह नसते. त्याचा पंख ऑलिव्हच्या छटेचा तपकिरी असून कडेवरील काळ्यापांढऱ्या रेघाच काय त्या उठून दिसतात. ताजा, न विटलेला कॉडलिंग पतंग समोर असेल, तर शाळेतील मुलालाही त्याची ओळख पटवून देता येईल.

पण तपासनिसाच्या हाती ताजा पतंग कधी येतो? सापळ्यातील चिकट कागदावर दोन दिवस धडपडलेला पतंग येतो. त्याचे निम्मे खवले झडून गेलेले असतात. पंखावरील सारी नक्षी ही त्या खवल्यांचीच असते. ते गेले, की तांब्याची झळाळी गेली, रेघा गेल्या आणि सर्व भाऊबंद एकसारखेच विटकरी किंवा राखी दिसू लागले. शिवाय एकाच जातीतही रंगाची गडद फिकट तऱ्हा असते, तर दोन निराळ्या जाती कधीकधी हुबेहूब एकमेकींसारख्या दिसतात. सृष्टीने ही नक्षी माणसाच्या सोयीसाठी काढलेली नाही.

ह्या अडचणीचा इतिहास भारताशी निगडित आहे. एडवर्ड मेरिक हे १८५४ ते १९३८ ह्या काळात होऊन गेलेले इंग्रज गृहस्थ पेशाने शिक्षक होते. त्यांनी आयुष्यभर सूक्ष्म पतंगांचा अभ्यास केला आणि चौदा हजारांहून अधिक नव्या जातींची वर्णने लिहिली. बिहारमधील पुसा येथील कृषिसंशोधन संस्थेतून बेनब्रिज फ्लेचर आणि त्यांचे सहकारी भारतातील पिकांवर सापडलेले पतंग मेरिक ह्यांच्याकडे नावासाठी पाठवीत. आपल्या देशातील कितीतरी किडींची नावे अशा रीतीने इंग्लंडमधील एका शिक्षकाच्या अभ्यासिकेत ठरली. मेरिक ह्यांची नजर विलक्षण होती आणि स्मरणशक्ती तशीच. परंतु हातातील भिंग, पंखांचा रंग आणि शिरांची रचना ह्यांवरच त्यांचा भर असे. पतंगाचे शरीर उघडून आतील जननेंद्रिये सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी, ही त्यांच्या समकालीनांनी रूढ केलेली पद्धत त्यांनी अखेरपर्यंत स्वीकारली नाही.

त्यांच्या मृत्यूनंतर त्यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियममध्ये गेला. जे. एफ. गेट्स क्लार्क ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने मेरिक ह्यांचे मूळ नमुने पुन्हा तपासून त्यांच्या अंतर्गत रचनेच्या चित्रांसह एक सूची सिद्ध केली. १९५५ ते १९७० ह्या अवधीत तिचे आठ खंड प्रसिद्ध झाले. त्यामुळे मेरिक ह्यांचे शब्द आणि पतंगाचे शरीर ह्यांचा ताळा घालण्याची सोय पुढील पिढीला झाली. ह्यात मेरिक ह्यांचा उपमर्द नाही. त्यांनी नावे दिली नसती, तर तपासावयास काही उरलेच नसते.

ही अंतर्गत तपासणी ऐकावयास अवघड वाटली, तरी तिची रीत साधी आहे. वाळलेल्या पतंगाचे पोट हलकेच वेगळे करावयाचे, दाहक पोटॅशच्या सौम्य द्रावणात ते काही वेळ ऊब देऊन ठेवावयाचे. मांस व चरबी विरघळते आणि कठीण कवचाचे भाग तेवढे शिल्लक राहतात. बारीक कुंचल्याने खवले झाडून ते भाग रंगवावयाचे आणि काचपट्टीवर डिंकासारख्या पारदर्शक लेपात बसवावयाचे. नराच्या शरीरात मादीला धरण्यासाठी असलेल्या दोन पाकळ्यांचा आकार, त्यांवरील काट्यांची जागा, आणि मादीच्या पिशवीतील दोन लहान शिंगांसारख्या काट्यांची ठेवण ही प्रत्येक जातीत ठरलेली असते. पंखाचा रंग विटतो, खवले झडतात. पण कुलुपाचा आणि किल्लीचा आकार बदलत नाही. दिसण्यात जुळे असलेले दोन पतंग येथे वेगळे पडतात.

तथापि सफरचंदात पतंग सापडत नाही, अळी सापडते. आणि अळीला पंखही नसतात व जननेंद्रियांची ही रचनाही नसते. मग तपासनिसाने काय करावे? त्याने केस मोजावे. अळीच्या डोक्यामागील पहिल्या वलयावर, बाजूला, एक श्वासरंध्र असते. त्याच्या पुढे एका लहानशा चकतीवर राठ केसांचा एक गट असतो. तीन केस असतील, तर अळी टॉर्ट्रिसिडी कुलातील असण्याचा संभव मोठा. दोनच असतील, तर ती त्या कुलातील नव्हे. पूर्व आशियात सफरचंद व पीच पोखरणारा एक वेगळ्याच कुलातील पतंग आहे. त्याच्या अळीला तेथे दोन केस असतात, आणि एवढ्या एका खुणेने तो संशयितांच्या यादीतून गळतो.

तीन केस निघाले तरी काम संपत नाही. कॉडलिंग पतंगाची एक चुलत बहीण आहे. ग्राफोलिटा ह्या शेजारच्या प्रजातीतील ही जाती पूर्वेकडील फळपतंग म्हणून ओळखली जाते. तिची अळीही गुलाबी असते आणि तीही सफरचंदात शिरते. आता अळी उलटी फिरवून तिचे मागचे टोक पाहावे लागते. पूर्वेकडील फळपतंगाच्या अळीला गुदद्वाराच्या वरच्या बाजूस कंगव्यासारखा एक दातेरी अवयव असतो. त्याच्या साहाय्याने ती आपली विष्ठा दूर उडवून देते. कॉडलिंग पतंगाच्या अळीला हा कंगवा नसतो. पुढच्या टोकाशी तीन केस आणि मागच्या टोकाशी कंगवा नाही, एवढ्या पुराव्यावर एखाद्या जहाजातील मालाचा निर्णय होऊ शकतो. अलीकडे अळीच्या लहानशा तुकड्यातील जनुकीय द्रव्य वाचून नाव ठरविण्याची सोयही झाली आहे. पण ते वाचन ज्याच्याशी ताडून पाहावयाचे, तो नमुना आधी कोणीतरी डोळ्यांनी नीट ओळखलेला असावा लागतो.

केस मोजण्याची ही विद्या केवळ बंदरापुरती उपयोगी आहे असे नाही. महाराष्ट्रातील तुरीच्या शेतात शेंड्याची कोवळी पाने जाळ्याने एकत्र चिकटलेली दिसतात. त्यांच्या आत बसलेली फिकट पिवळी अळी पुष्कळदा ह्याच कुलातील असते आणि ती सहसा फार मोठे नुकसान करीत नाही. त्याच शेतात पुढे फुले व शेंगा जाळ्यात गुंडाळणारी मारुका नावाची अळी येते आणि ती पीक हातचे घालवू शकते. दोघींचेही काम जाळे विणण्याचे, त्यामुळे लांबून पाहणाऱ्याची गल्लत होते. मारुकाच्या अंगावर प्रत्येक वलयावर काळे ठिपके असतात आणि श्वासरंध्राच्या पुढे तिला दोनच केस असतात. हे ज्याला माहीत आहे, तो शेतकरी पहिल्या अळीवर औषधाचा खर्च करणार नाही आणि दुसरीच्या बाबतीत उशीर करणार नाही.

तुरीवरील ह्या पान गुंडाळणाऱ्या पतंगाची आणखी एक कथा आहे. मेरिक ह्यांनी त्याचे वर्णन केले. जुन्या ग्रंथांत तो युकॉस्मा क्रिटिका ह्या नावाने सापडतो, नंतरच्या पुस्तकांत सायडिया क्रिटिका ह्या नावाने, तर इतरत्र ग्राफोलिटा क्रिटिका म्हणून. कॉडलिंग पतंगाचेही तसेच. १७५८ मध्ये लिनिअस ह्याने त्याला पोमोनेला म्हटले. हे विशेषण आजतागायत टिकले आहे. पुढचे नाव मात्र कधी कार्पोकाप्सा, कधी लॅस्पेरेसिया असे बदलत गेले आणि अखेर ह्यूबनर ह्याने १८२५ मध्ये योजलेल्या सायडिया ह्या नावावर स्थिरावले. सामान्य वाचकाला हा शास्त्रज्ञांचा नसता उद्योग वाटतो. पण ज्याने सरकारी दप्तरात जुना कागद शोधला असेल, त्याला ह्यातील अडचण लगेच समजेल. शीर्षक बदलले, की जुनी नस्ती हाती लागत नाही. एखाद्या किडीवर पन्नास वर्षांपूर्वी कोणी उपाय शोधून ठेवला असेल आणि आजच्या अभ्यासकाला तिचे जुने नाव माहीत नसेल, तर तो उपाय असून नसल्यासारखाच. म्हणून नावाबरोबर नावाचा इतिहासही जपावा लागतो.

अचूक नावाची गरज पूर्वीपेक्षा आज अधिक आहे, ह्याला एक विशेष कारण आहे. एके काळी बागांवर शिशाच्या आर्सेनेटचा फवारा मारीत. त्या विषाला नाव विचारण्याचे कारण नव्हते. जे जे पान व फळ खाईल, ते ते मरे. फळेही त्या विषाने माखत आणि ती धुऊन बाजारात पाठवावी लागत. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आले. परंतु कॉडलिंग पतंगाने प्रथम आर्सेनेट पचविले, नंतर डीडीटी पचविले. विष वाढवावे, तर बागेतील उपकारक कीटक मरत आणि ज्या किडी आजवर मर्यादेत होत्या त्याही डोके वर काढीत. आंधळ्या मारामारीतून हाती फारसे काही लागत नाही, हे हळूहळू पटू लागले.

त्यानंतर जे उपाय आले, ते सर्व नावाने हाक मारणारे उपाय आहेत. कॉडलिंग पतंगाची मादी अंधार पडताना एक गंध सोडते आणि त्या गंधाच्या मागाने नर येतो. १९७१ मध्ये अमेरिकेतील वेंडेल रोलॉफ्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो गंध कोणत्या द्रव्याचा आहे हे शोधून काढले. त्यासाठी त्यांनी नराची शृंगिकाच विजेच्या उपकरणाला जोडली. निरनिराळी द्रव्ये तिच्यासमोर धरून कोणत्या द्रव्याने तिच्यात विद्युत्स्पंदन उठते हे पाहिले. जो प्राणी आपल्या जातीला अंधारातही चुकत नाही, त्यालाच साक्षीदार म्हणून बोलाविण्याची ही युक्ती होती. आता तो गंध कृत्रिम रीतीने तयार होतो. सापळ्यात ठेवला, तर बागेत पतंग कधी आले ते कळते. साऱ्या बागेत दरवळू दिला, तर नराला मादीचा माग लागत नाही.

दुसरा उपाय एका विषाणूचा. तो मेक्सिकोत रोगट अळ्यांत सापडला आणि १९६४ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. तो कॉडलिंग पतंगाला आणि त्याच्या काही मोजक्या नातलगांनाच बाधतो. मधमाशीला, पाखराला किंवा माणसाला त्याचा उपद्रव होत नाही. तिसरा उपाय कॅनडातील ओकानागन खोऱ्यात १९९४ पासून योजला गेला. तेथे कारखान्यात पतंग वाढवून, किरणोत्साराने वांझ करून बागांत सोडतात. रानटी मादीचा संयोग अशा नराशी झाला, की तिची अंडी उबत नाहीत. येथेही ओळखीचा प्रश्न उभा राहिलाच. सापळ्यात आलेला पतंग रानचा की कारखान्याचा? दोघेही एकाच जातीचे, दिसावयास अगदी सारखे. म्हणून कारखान्यातील अळ्यांच्या अन्नात तांबडा रंग मिसळतात. सापळ्यातील पतंग चिरडून पाहिला, की आतून तांबडा निघतो तो आपला आणि न निघतो तो वैरी.

ह्या तिन्ही उपायांचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्यासारखे आहे. ते निरुपद्रवी आहेत, कारण ते नेमके आहेत. आणि नेमके असल्यामुळेच नाव चुकले तर ते संपूर्ण निष्फळ ठरतात. पूर्वेकडील फळपतंगाच्या बागेत कॉडलिंग पतंगाचा गंध ठेवला, तर पैसा जातो, हंगाम जातो आणि फळही जाते. गंधाचा सापळाही अचूक असतोच असे नाही. जवळच्या रानातील सायडियाच्या दुसऱ्या जातींचे नर त्यात येऊन पडतात. ते पाहून बागाईतदार घाबरला, तर त्याच्या हातून विनाकारण फवारणी होते. अखेर भिंग घेऊन बसणाऱ्या माणसावाचून चालत नाही.

ह्या प्रश्नाचे गांभीर्य राष्ट्राराष्ट्रांच्या व्यवहारातही दिसून आले आहे. जपानमध्ये कॉडलिंग पतंग नाही आणि तो येऊ नये म्हणून जपानने फळांच्या प्रत्येक वाणावर निर्जंतुकीकरणाची स्वतंत्र चाचणी झाली पाहिजे, असा आग्रह धरला. अमेरिकेने हा वाद जागतिक व्यापार संघटनेपुढे नेला. १९९९ मध्ये त्या संघटनेच्या अपील मंडळाने जपानच्या अटीला पुरेसा शास्त्रीय आधार नाही, असा निर्णय दिला. दोन बलाढ्य देशांचे वकील महिनोन्महिने ज्याच्यावरून भांडले, तो पतंग एका कागदाच्या टाचणीवर मावतो.

भारताच्या दृष्टीने हा प्रश्न लडाखमध्ये उभा आहे. लेह व कारगिलच्या उंच, कोरड्या दऱ्यांत सफरचंद आणि जर्दाळू ही फळे पिकतात आणि तेथे कॉडलिंग पतंगाने आपले ठाणे मांडले आहे. खिंडीच्या अलीकडे काश्मीरच्या, आणि त्यापुढे हिमाचलच्या विस्तीर्ण बागा आहेत. म्हणून विनाशकारी कीटकांसंबंधीच्या १९१४ च्या कायद्यान्वये ज्या मोजक्या किडींसाठी देशांतर्गत वाहतुकीवर निर्बंध घालण्यात आले, त्यांत ह्या पतंगाचा समावेश झाला. काश्मीर आणि हिमाचलच्या बागा राखण्यासाठी हे आवश्यक होते. परंतु त्याची किंमत लडाखच्या शेतकऱ्याने मोजली. त्याची ताजी फळे बाहेरच्या बाजाराला दीर्घकाळ पारखी राहिली आणि जर्दाळू वाळवून विकण्यावरच त्याला समाधान मानावे लागले. २०२१ साली लडाखची ताजी जर्दाळू विमानाने दुबईला गेली, ही बातमी म्हणूनच साधी नव्हती.

निर्बंध घालणे हा शासनाचा अधिकार आहे. पण तो अधिकार ज्ञानाच्या मापाने वापरला जावा, ही जबाबदारीही शासनाचीच आहे. कोणत्या दरीत ही कीड खरोखर आहे आणि कोणत्या दरीत नाही, सापळ्यात आलेला पतंग तोच आहे की त्याचा निरुपद्रवी भाऊबंद, ह्याची पक्की नोंद असेल, तर निर्बंध तेवढ्याच जागेपुरता ठेवता येतो. नोंद नसेल, तर भीतीपोटी साऱ्या प्रदेशाचीच वाट बंद करावी लागते. ओळखू न शकणारा तपासनीस एक तर सर्वांना सोडतो किंवा सर्वांना अडवतो. पहिल्याने देशाच्या बागा धोक्यात येतात आणि दुसऱ्याने एका गरीब शेतकऱ्यावर अन्याय होतो.

दिल्लीला पुसाच्या नावानेच चालत आलेला कीटकांचा राष्ट्रीय संग्रह आहे. त्यातील पेट्यांत टाचणीवर लावलेले लहान लहान पतंग ओळीने बसलेले आहेत. प्रत्येकाच्या खाली स्थळ, तारीख आणि ज्या झाडावर तो सापडला त्याचे नाव लिहिलेली चिठ्ठी आहे. पाहणाऱ्याला तो मेलेल्या किड्यांचा ढीग वाटेल. परंतु उद्या एखाद्या नाक्यावर उघडलेल्या पेटीतून एक गुलाबी अळी बाहेर येईल, तेव्हा तिचे खरे नाव सांगणारा जो कोणी असेल, त्याला हीच पेटी उघडावी लागेल. तो तीन केस मोजील, कंगवा नाही हे पाहील, जुन्या चिठ्ठीशी ताडून घेईल आणि आपल्या वहीत दोन शब्दांचे एक नाव लिहील. त्या दोन शब्दांच्या पाठीमागे कोणाची तरी बाग उभी असते, हे त्याने विसरता कामा नये. आणि इतरांनी त्याच्या ह्या संथ, चिकाटीच्या कामाला नसता उद्योग म्हणता कामा नये.